जागं झाल्यावर ऐकायचं कुणाचं?

लॅपटॉपचं झाकण मिटायचं, तासाभराने उघडायचं आणि काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू करायचं. ही सोय आता इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यामागे काही घडत असेल हे आपल्या मनातही येत नाही. येतं ते बिघडल्यावर. झाकण उघडलं की पडदा उजळतो, फाइली जागच्या जागी असतात, पण यंत्र चिखलातून चालल्यासारखं चालतं. माउस अडखळतो. टंकलेलं अक्षर उमटायला वेळ लागतो. गंमत म्हणजे पंखा शांत असतो आणि यंत्र थंडगार. आत पाहिलं तर दोन-अडीच गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर ८०० मेगाहर्ट्‌झवर अडून बसलेला असतो. कितीही काम द्या, वर चढत नाही. रीस्टार्ट केलं की सगळं सुरळीत. पुन्हा झोपवलं की पुन्हा तेच.

अशा लॅपटॉपला 'जुना झाला' असं म्हणून निकालात काढणं सोपं असतं. सेकंडहँड बाजारात घेतलेल्या, एखाद्या विद्यार्थ्याच्या एकुलत्या एका लॅपटॉपच्या बाबतीत हा निकाल महागात पडतो. आणि बऱ्याचदा तो चुकीचाही असतो. इथे बिघाड सिलिकॉनमध्ये नसून एका जुन्या तहात असतो. प्रोसेसरच्या वेगावर हुकूम कुणाचा चालणार, याबद्दलचा हा तह साधारण १९९० ते २००० या दशकात झाला आणि त्याची कलमं आजही आपल्या मांडीवरच्या यंत्रात लागू आहेत. हा लेख त्या तहाबद्दल आहे.

वेग मुळात कमी का करायचा?

प्रोसेसरमधले ट्रान्झिस्टर उघडझाप करतात तेव्हा जी ऊर्जा खर्च होते, ती दोन गोष्टींवर ठरते. एक, सेकंदाला किती वेळा उघडझाप होते, म्हणजे वारंवारता. दुसरी, किती व्होल्टेजवर होते. वारंवारतेशी खर्चाचं प्रमाण सरळ आहे. व्होल्टेजशी मात्र वर्गाचं. व्होल्टेज निम्मं केलं तर खर्च चौथ्या हिश्शावर येतो. पण व्होल्टेज कमी केलं की ट्रान्झिस्टर मंदावतात, म्हणून वारंवारताही उतरवावी लागते. दोन्ही एकत्र उतरवण्यात खरा फायदा आहे.

१९९४ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेतल्या मार्क वायझर आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी हा हिशोब ऑपरेटिंग सिस्टिमच्या दारात नेऊन ठेवला. त्यांचं म्हणणं असं: प्रोसेसर पूर्ण वेगाने काम उरकतो आणि मग रिकामा बसतो. त्याऐवजी तेच काम उपलब्ध वेळात पसरून, कमी वेगाने आणि कमी व्होल्टेजवर केलं तर? शर्यत तशीही कुणी लावलेली नाही. सशाने धावून झोपण्यापेक्षा कासवाने चालत राहावं. आणि कुठल्या क्षणी किती काम शिल्लक आहे हे ऑपरेटिंग सिस्टिमलाच सर्वांत चांगलं ठाऊक असतं, म्हणून वेगाचा निर्णयही तिनेच घ्यावा. त्या वेळी असं करू देणारे प्रोसेसर बाजारात नव्हते. त्यांनी चालू संगणकांवरच्या कामाच्या नोंदी घेऊन हा प्रयोग कागदोपत्री करून पाहिला.

बाजारात ही कल्पना आली जानेवारी २०००मध्ये. इंटेलने लॅपटॉपसाठीच्या पेंटियम थ्रीमध्ये 'स्पीडस्टेप' आणलं. ६५० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर विजेवर असताना १.६ व्होल्टवर चाले. बॅटरीवर गेला की ५०० मेगाहर्ट्‌झ आणि १.३५ व्होल्टवर उतरे. हिशोब करून पाहा: वेग उतरला २३ टक्क्यांनी, पण उघडझापीचा खर्च उतरला सुमारे ४५ टक्क्यांनी. त्याच महिन्यात ट्रान्समेटा या कंपनीने आपला क्रूसो प्रोसेसर जाहीर केला. तो गरजेनुसार क्षणोक्षणी वेग बदलत असे. लिनक्सचा कर्ता लिनस टॉरव्हाल्ड्स तेव्हा तिथेच नोकरीला होता. एएमडीचं 'पॉवरनाउ'ही त्याच वर्षीचं. २००३च्या पेंटियम एममध्ये दोनाऐवजी अनेक पायऱ्या आल्या. १.६ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरसाठी जिथे २४.५ वॅट उष्णतेची सोय करावी लागे, तिथे ६०० मेगाहर्ट्‌झवर ६ वॅटची पुरत असे.

हे सगळं उत्तमच होतं. फक्त एक प्रश्न वायझरला वाटला तितका सरळ सुटला नाही: पायरी बदलण्याचा हुकूम कुणी द्यायचा?

पडद्यामागचा कारभारी

कारण त्या जागेवर आधीच कुणीतरी बसलेलं होतं. १९९० साली इंटेलने लॅपटॉपसाठी ३८६एसएल हा प्रोसेसर काढला. तेव्हाच्या बहुतेक संगणकांवर डॉस चाले, आणि डॉसला वीज वाचवणं वगैरे काही ठाऊक नव्हतं. मग बॅटरी संपत आल्याचं, झाकण मिटल्याचं पाहणार कोण? इंटेलने प्रोसेसरमध्ये एक गुप्त दालन तयार केलं: 'सिस्टिम मॅनेजमेंट मोड'. एका विशिष्ट संकेतावर प्रोसेसर हातातलं काम टाकून या दालनात जातो, तिथे लॅपटॉप बनवणाऱ्याने ठेवलेला कोड चालवतो आणि परत येतो. ऑपरेटिंग सिस्टिमला यातलं काहीच कळत नाही. मधला काळ तिच्या आयुष्यातून नुसता गळून पडतो. डॉसच्या जमान्यात हा उपाय शहाणपणाचाच होता. पण दालन कायम राहिलं. आजच्या इंटेल आणि एएमडी प्रोसेसरांतही ते आहे.

१९९२मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने मिळून 'एपीएम' नावाचा करार केला. त्यात ऑपरेटिंग सिस्टिमला थोडा आवाज मिळाला. 'मी रिकामी आहे' असं ती बायॉसला सांगू शकत होती आणि 'काही विशेष?' असं ठरावीक काळाने विचारू शकत होती. पण अखेरचा शब्द बायॉसचा. प्रत्येक कंपनीचं बायॉस वेगळं, त्यातल्या चुका वेगळ्या, आणि ते दुरुस्त करणं वापरणाऱ्याच्या हाती नाही. झोपवलेला लॅपटॉप उठलाच नाही, ही त्या काळातली नेहमीची तक्रार असे.

एसीपीआयचा तह

डिसेंबर १९९६मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी 'एसीपीआय'ची पहिली आवृत्ती जाहीर केली. तत्त्व एका वाक्यात सांगता येतं: निर्णय ऑपरेटिंग सिस्टिम घेईल, फर्मवेअर फक्त माहिती पुरवेल. झोपेच्या अवस्थांना नावं मिळाली. त्यातली 'एस-थ्री' म्हणजे आपली ओळखीची झोप: मेमरी तेवढी जागी, बाकी जवळजवळ सगळं बंद. २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रोसेसरच्या वेगाच्या पायऱ्यांचाही समावेश झाला.

पण ही माहिती नुसत्या तक्त्यांच्या रूपात नव्हती. फर्मवेअर एक छोटी आज्ञावलीच देतं आणि ऑपरेटिंग सिस्टिमने ती आपल्या पोटात चालवायची असते. शिवाय काही अधिकार फर्मवेअरने हातचे राखून ठेवले. त्यातला आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचा एक: 'सध्या अमुक पायरीच्या वर जाऊ नका' असं सांगण्याचा. अॅडॉप्टर कमी ताकदीचा आहे, बॅटरी उतरली आहे, यंत्र तापलं आहे, अशा वेळी ही मर्यादा घालायची आणि परिस्थिती निवळली की 'आता पुन्हा विचारा' असा निरोप पाठवायचा. मर्यादा घातली पण निरोप पाठवलाच नाही तर काय, याचं उत्तर कुठल्याही तहात नसतं. ते पाळणाऱ्याच्या इमानावर असतं.

शाळेत शिकलेली बंगालची दुहेरी राज्यव्यवस्था आठवा. १७६५नंतर महसूल कंपनीच्या हाती आणि कारभाराची जबाबदारी नबाबाच्या गळ्यात. एसीपीआयमध्ये तसंच झालं. यंत्र मंद चाललं तर शिव्या ऑपरेटिंग सिस्टिम खाते. पण वेगाच्या दोऱ्या फर्मवेअरने पूर्णपणे सोडलेल्या नसतात.

या तहाला राजकारणाचा वासही होता. २४ जानेवारी १९९९ या तारखेची बिल गेट्सची एक मेल पुढे आयोवा राज्यातल्या मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात पुरावा म्हणून उजेडात आली. एसीपीआयची ही वाढीव कलमं विंडोजपुरती मर्यादित ठेवता येतील का, आपल्या मेहनतीवर लिनक्सही छान चालणार असेल तर ते बरं नाही, अशा अर्थाचा विचार त्यात मांडलेला आहे. त्यावर पुढे काही कृती झाली असं त्या मेलवरून सिद्ध होत नाही. पण वेगळ्या वाटेने परिणाम व्हायचा तो झालाच. लॅपटॉप बनवणारे आपलं फर्मवेअर विंडोजवर तपासून बाजारात आणत. फर्मवेअर ऑपरेटिंग सिस्टिमला 'तू कोण?' असं विचारू शकतं, आणि 'लिनक्स' या उत्तरासाठी लिहिलेला कोड कुणी धड तपासलेलाच नसे. शेवटी लिनक्सने व्यवहार पाहिला. 'तू विंडोज का?' असं विचारल्यावर ते 'हो' म्हणतं. 'तू लिनक्स का?' विचारल्यावर गप्प बसतं. जी वाट तपासलेली आहे त्याच वाटेने गेलेलं बरं!

वेगाच्या बाबतीतही लिनक्सला स्वतःची वाट काढावी लागली. वेग सांभाळणारी 'सीपीयूफ्रीक' ही व्यवस्था डिसेंबर २००३च्या २.६ आवृत्तीबरोबर सर्वांपर्यंत पोहोचली. पहिल्या स्पीडस्टेपसाठीच्या एका ड्रायव्हरची माहिती तर प्रत्यक्ष यंत्र चाचपून, उलट दिशेने शोधून काढावी लागली होती. २००४मध्ये 'ऑनडिमांड' हा नियंत्रक आला: काम वाढलं की थेट सर्वांत वरची पायरी, ओसरलं की खाली. वायझरचं स्वप्न दहा वर्षांनी सर्वसामान्यांच्या लॅपटॉपवर आलं.

झोप आणि विस्मरण

आता झोपेकडे वळू. एस-थ्री झोपेत प्रोसेसरची वीज तुटते. त्याच्या आतल्या नोंदवह्या, म्हणजे रजिस्टर, पुसल्या जातात. जाग येते तेव्हा त्याच्या दृष्टीने तो नुकताच जन्मलेला असतो. पहिलं पाऊल फर्मवेअरच्या कोडमध्ये पडतं. फर्मवेअर जुजबी मांडामांड करतं आणि मग ऑपरेटिंग सिस्टिमने झोपण्यापूर्वी लिहून ठेवलेल्या पत्त्यावर उडी मारतं. तिथून पुढे ऑपरेटिंग सिस्टिमला एकेक गोष्ट आठवून जागेवर ठेवावी लागते.

इथे तीन तऱ्हेचे घोळ होतात.

पहिला घोळ समजुतीचा. ऑपरेटिंग सिस्टिमच्या वहीत झोपण्यापूर्वीचा वेग लिहिलेला असतो. फर्मवेअरने उठवलेलं असतं भलत्याच वेगावर. वही आणि वस्तुस्थिती जुळत नाहीत. याचा फटका फक्त कामाच्या गतीला बसत नसे. जुन्या प्रोसेसरांत वेळ मोजणारा अंतर्गत गणक प्रोसेसरच्याच ठोक्यावर चाले, त्यामुळे वेग चुकला की घड्याळही चुके. म्हणून लिनक्स जागं झाल्यावर खरा वेग तपासून पाही आणि तफावत दिसली तर तशी नोंद करी. पुढे वेगाशी न बांधलेले गणक आले आणि घड्याळाचा प्रश्न मिटला, समजुतीचा राहिला.

दुसरा घोळ बहुकेंद्री प्रोसेसरांचा. झोपताना लिनक्स पहिला गाभा सोडून बाकीचे गाभे एकेक करून 'काढून ठेवतं' आणि उठल्यावर पुन्हा 'जोडतं'. काढताना त्या गाभ्याचं वेगाचं धोरणही पुसलं जाई. परिणामी तुम्ही निवडलेलं धोरण पहिल्या गाभ्यावर टिके आणि बाकीचे मूळपदावर जात. २०१३ साली श्रीवत्स भट आणि विरेश कुमार यांनी हा भाग बदलला. झोपेपुरते बाजूला ठेवलेले गाभे आणि खरोखर काढलेले गाभे यांत फरक करून धोरण जपून ठेवलं जाऊ लागलं.

तिसरा घोळ सर्वांत चिवट, कारण तो फर्मवेअरच्या आत असतो.

एका बिटाची गोष्ट

२०१५ साली इंटेलच्या ब्रॉडवेल पिढीच्या काही यंत्रांबद्दल तक्रार आली: एस-थ्री झोपेतून उठल्यावर प्रोसेसर विलक्षण मंद चालतो. वेगाच्या पायऱ्या तपासून काही हाती लागेना. शेवटी सापडलं ते एका कोपऱ्यातल्या रजिस्टरमध्ये.

प्रोसेसर मंद करण्याचा आणखी एक, जुना मार्ग आहे. वारंवारता न बदलता ठोके मधूनमधून गाळायचे. आठातले चार ठोके गाळले की काम निम्म्यावर. हा मार्ग व्होल्टेज उतरवत नाही, म्हणून बचतीसाठी तो फारसा कामाचा नाही. उष्णता हाताबाहेर गेली तर लावायचा ब्रेक आहे तो. झोपण्यापूर्वी त्या रजिस्टरमध्ये शून्य होतं, म्हणजे ब्रेक सुटलेला. उठल्यावर तिथे सोळा निघाले. फर्मवेअरने मधल्या काळात 'ब्रेक लावा' हा एक बिट चढवला होता, पण किती लावायचा हे सांगणारे तीन बिट शून्यच ठेवले होते. आणि ब्रेक लागलेला असताना त्या तीन शून्यांना काही ठरलेला अर्थच नाही.

उपाय साधा होता. अशा यंत्रांची यादी ठेवायची, आणि त्यांवर झोपण्यापूर्वी ते रजिस्टर लिहून घेऊन उठल्यावर जसंच्या तसं परत ठेवायचं. फर्मवेअर दुरुस्त झालं नाही. ऑपरेटिंग सिस्टिमने त्याच्या चुकीची भरपाई केली. लिनक्सच्या कोडमध्ये अशा भरपायांच्या याद्या जागोजागी आहेत. यंत्राचं नाव, त्याचा दोष, त्यावरचा तोडगा. तहाचा इतिहास वाचायचा असेल तर तो त्या याद्यांमध्ये वाचावा.

शोध कुठून सुरू करायचा

हा इतिहास माहीत असला की निदानाचा क्रम आपोआप ठरतो. दुसऱ्यांदा झोपवण्याआधी एक ठरावीक हिशोबी काम, उदाहरणार्थ एक मोठी फाइल दाबून लहान करणं, घड्याळ लावून करून पाहावं. झोपेतून उठवल्यावर तेच पुन्हा करावं. पडद्यावरचा गिगाहर्ट्‌झचा आकडा खोटं बोलू शकतो (ठोके गाळले जात असताना तो पूर्ण दिसू शकतो), वेळ बोलत नाही.

मंदपणा खरा ठरला, तर पुढचा प्रश्न: मर्यादा कुणाची? लिनक्सवर प्रत्येक गाभ्याचं धोरण, कमाल वेग आणि बायॉसने घातलेली मर्यादा वेगवेगळी वाचता येते. धोरण बदललेलं असेल तर दोष आपल्या बाजूचा, सेटिंगचा. मर्यादा बायॉसची असेल तर दोष पलीकडचा. विंडोजवर फर्मवेअरने वेग रोखला की इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ३७ क्रमांकाची नोंद पडते. झोपेतून उठल्याच्या वेळेशी ती जुळते का पाहावं.

पलीकडचा दोष असेल, तर आधी अॅडॉप्टर. काही कंपन्यांचे लॅपटॉप अॅडॉप्टरमधल्या छोट्या चिपकडून त्याची ओळख विचारतात, आणि ओळख पटली नाही की वेग खाली बांधून ठेवतात. बाहेरून घेतलेला स्वस्त अॅडॉप्टर किंवा मूळ अॅडॉप्टरची झिजलेली पिन इथे घात करते. अॅडॉप्टर काढून पुन्हा लावल्यावर वेग सुटला, तर निरोपाचा घोळ आहे हे समजावं.

सुटला नाही, तर पूर्ण बंद करून पाहावं. पण 'पूर्ण' या शब्दाला दोन अडचणी आहेत. विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' ही अर्धी शीतनिद्राच असते. त्यापेक्षा 'रीस्टार्ट' जास्त खरं. आणि लॅपटॉपमध्ये कीबोर्ड, बॅटरी, पंखा सांभाळणारा जो स्वतंत्र छोटा नियंत्रक असतो, तो यंत्र बंद असतानाही जागा असतो. त्याच्या डोक्यातली मर्यादा काढायची तर अॅडॉप्टर आणि बॅटरी दोन्ही तोडावी लागतात. त्यानंतर बायॉसची नवी आवृत्ती आहे का ते पाहावं.

मर्यादा धुडकावून लावण्याची सोयही आहे, लिनक्समध्ये एका कळीने तर इतर काही साधनांनी. ती अगदी शेवटी. प्रोसेसर स्वतःला उष्णतेपासून वाचवतो, पण कमी ताकदीच्या अॅडॉप्टरला किंवा बोर्डावरच्या वीजपुरवठ्याला वाचवण्यासाठी मर्यादा घातलेली असेल, तर ती काढल्याची किंमत त्यांना मोजावी लागते.

तिसरा वाटेकरी

२०१५च्या स्कायलेक पिढीपासून इंटेलने वेगाचा निर्णय प्रोसेसरच्याच हाती देण्याची सोय केली. ऑपरेटिंग सिस्टिम फक्त कल कळवते, बचत हवी की वेग. पायरी प्रोसेसर स्वतः निवडतो. तिकडे झोपही बदलली. एस-थ्री मागे पडत चालली आहे आणि अनेक नव्या लॅपटॉपांत ती नाहीच. त्याऐवजी फोनसारखी अर्धवट झोप आली आहे. तिच्यात प्रोसेसर नव्याने जन्मत नाही, त्यामुळे विस्मरणाचे जुने घोळ कमी झाले. बॅगेत ठेवलेला लॅपटॉप तापून बॅटरी संपवतो, ही नवी तक्रार त्यांच्या जागी आली.

एकंदरीत, वायझरने ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती दिलेला निर्णय वीस-पंचवीस वर्षांत तिच्या हातून बराचसा निसटला आहे. ते तांत्रिकदृष्ट्या चूक आहे असं नाही. प्रोसेसर स्वतःची पायरी जास्त झटपट बदलू शकतो. प्रश्न तपासणीचा आहे. ऑपरेटिंग सिस्टिममधला दोष, निदान लिनक्समधला, कुणीही वाचू शकतं. २०१३चा घोळ तसाच सुटला. फर्मवेअरमधला दोष बाहेरच्याने फक्त लक्षणांवरून ओळखायचा आणि त्याची भरपाई करायची. कंपनीने त्या मॉडेलसाठी नवं बायॉस काढणं थांबवलं की तो दोष कायमचा.

याला पर्याय शोधणारेही त्याच काळापासून आहेत. १९९९ साली, म्हणजे गेट्सच्या त्या मेलच्याच वर्षी, लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी खुलं फर्मवेअर लिहायला घेतलं. आज ते 'कोअरबूट' या नावाने ओळखलं जातं आणि क्रोमबुकांमध्ये चालतं. बाकीच्या बाजारात मात्र फर्मवेअर बंद पेटीतच येतं. लॅपटॉपची पावती आपल्या नावाने फाटते. पण तो झोपेतून उठतो तेव्हा सर्वांत आधी चालणारा कोड आपल्याला वाचायची मुभा नसते. सात-आठ वर्षांचा धडधाकट लॅपटॉप भंगारात जातो तेव्हा ही गोष्ट निव्वळ तात्त्विक राहत नाही. असा लॅपटॉप कुणी टाकायला निघालं असेल, तर आधी घड्याळ लावून ते एक काम दोनदा करायला सांगावं.